आखाजीला उचलायची दाढ

मी एक दाढ बोलतेय. तोंड नाही, जबडा नाही, तरी बोलतेय. ज्या जबड्यात मी होते तो कधीच मातीला मिळाला. उरले ती मी एकटी, दोन नारळांएवढी आणि दगडासारखी जड.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. लोक मला भितात हे ठाऊक आहे मला. पण मला त्यांची जास्त भीती वाटते, त्याचं काय?

मी हत्तीची. होय, तापीच्या काठच्या हत्तीची. तेव्हा इथं गाव नव्हतं, माणूस नव्हता, कपाशी तर नव्हतीच नव्हती. गुडघ्याएवढं गवत असायचं आणि दिवसभर ते दळायचं हे माझं काम. एका उन्हाळ्यात पाण्याच्या आशेनं माझा हत्ती चिखलात उतरला आणि रुतला. त्याची धडपड मला अजून आठवते. मग चिखल वर आला, त्यावर गाळ, त्यावर आणखी गाळ. किती काळ गेला म्हणाल, तर अंधारात बसून कोण मोजतो?

उजेड दिसला तो नदीनं काठ कापला तेव्हा. पुढं ज्यांच्या घरी राहिले त्या तोतारामआबांचे पणजोबा घर सारवायला पिवळी माती खणत होते, त्यांची कुदळ मला लागली. एवढा दात पाहून भला माणूस कुदळ टाकून पळाला. चार जणांना घेऊन परत आला आणि तिथंच माझा जन्म बदलला. मी दैत्याची झाले.

गावात कथा आधीपासूनच होती. सुरुवातीला सगळं पाणीच पाणी. त्या पाण्यात दैत्य. देवीनं त्याला मारलं, त्याच्या मांसाची काळी माती झाली, हाडांचे डोंगर झाले, रक्ताची तापी झाली. एक दाढ तेवढी देवीनं राखून ठेवली, माणसानं खोटं बोलू नये म्हणून. कथा जुनी, फक्त दाढ सापडायची बाकी होती. ती मी सापडले.

तेव्हापासून दोंडाईच्याजवळच्या या गावात आबांच्या घरच्या कोनाड्यात माझा मुक्काम. कथा मला आवडायची हो, खोटं कशाला बोलू? बायाबापड्या सांगायच्या तेव्हा मीही कान देऊन ऐकायची. अंगावर काटा यायचा तो पुढच्या भागानं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला धुऊन, शेंदूर लावून पाटावर ठेवायचे. ज्याच्यावर आळ असेल त्यानं मला दोन्ही हातांत उचलायचं आणि काय ते बोलायचं. खोटं बोलला, तर पुढची आखाजी तो बघणार नाही. असा नेम.

आणि माणसं मरायची! आधार नावाच्या एकानं दुसऱ्याचा बैल विकला होता. नाही म्हणाला, मला उचलून. त्या दिवसापासून त्याला घास गिळेना. पावसाळ्यात साधा ताप आला तो काही उतरला नाही. गाव म्हणालं, दाढेनं खाल्लं. अहो, मी उभ्या जन्मात गवताशिवाय काही खाल्लं नाही. त्याला भीतीनं खाल्लं, आणि ती भीती माझ्या नावाची होती. तेव्हापासून आखाजी जवळ आली की मला धडकी भरायची.

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. तोतारामआबांची सून लताबाई धुळ्याच्या देवपूरची, डी.एड. झालेली, गावच्याच शाळेत मास्तरीण. आबांना तिचं भारी कौतुक. 'आमच्या बाई' म्हणायचे तिला, चारचौघांतसुद्धा. घरात आली त्या वर्षी सासूबाईंनी, भिकुबाईंनी, मला धुवायला तिच्याकडे दिलं. तिनं माझ्या अंगावरच्या आडव्या कडांवरून हळूच बोट फिरवलं आणि थांबली. ओळखलं मला तिनं. देवपूरच्या कॉलेजात काचेच्या कपाटात तिनं अशीच दाढ पाहिली होती, खाली 'हत्ती' असं लिहिलेली. इतक्या वर्षांनी मला कुणी माझ्या नावानं ओळखलं, मी सुखावले. तेव्हा कुठं माहीत होतं, हे सुख किती महागात पडणार.

एकदा वर्गात एका पोरीनं विचारलं, बाई, धरती खरंच दैत्याच्या मांसाची झाली का? लताबाईनं सांगितलं, ती गोष्ट आहे, गोष्ट म्हणून ऐकायची. जमीन कशी झाली ते दगडमाती तपासून शोधावं लागतं. आणि ती दाढ हत्तीची आहे. झालं! आखाजीला माझी मिरवणूक निघाली आणि रस्त्याच्या कडेनं पोरं ओरडली, हत्तीची दाढ, हत्तीची दाढ!

पितांबरनानांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते गावातले जाणते, आखाजीचा सगळा विधी त्यांच्या हातून चालायचा. माणूस दुष्ट नव्हता, पण देवीचा कोप होईल याची त्यांना धास्ती होती. गेल्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, यंदा काय होईल याचा घोर सगळ्यांनाच. त्यांनी मला पाटावर ठेवलं आणि म्हणाले,

"बाईले दाढ उचलीसन सांगू द्या, धरती कशी व्हयनी ते."

लताबाईला तिसरा महिना होता. घरच्यांना ठाऊक होतं, गावालाही कुणकुण होती. भिकुबाईंनी पदराआडून हात जोडले, पोरी, म्हणून टाक गं एकदाचं. नवरा अभिमन दोंडाईच्याला मिरचीच्या बाजारात मापाडी, तो त्या दिवशी सुटी काढून आला होता, तो खाली बघत राहिला. तिनं मला उचललं. तिचे तळवे घामानं ओले होते. म्हण, म्हण, मी मनात म्हणत होते, म्हण दैत्याची, मला राग नाही. ती मान वर करून म्हणाली, "ही हत्तीची दाढ आहे. जे मला माहीत आहे ते मी दुसरं कसं सांगू?"

आणि मग आबा पुढे आले. चेहरा पांढरा फटक. त्यांनी सुनेच्या हातून मला ओढूनच घेतलं आणि म्हणाले, ही दैत्याची दाढ शे, देवीनं राखेल शे. रागानं म्हणाले की घराचा मान राखायला, की देवीनं पोरीवरची नजर काढून त्यांच्यावर ठेवावी म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

एकाच दाढेवर दोन उलट्या शपथा. नेमाप्रमाणे दोघांपैकी एकजण पुढची आखाजी बघणार नव्हता. गाव घरी गेलं आणि वाट बघू लागलं.

ते वर्ष कसं गेलं, विचारू नका. येणारे-जाणारे उंबऱ्यावर थांबून सगळ्यांची खुशाली विचारायचे, बठ्ठं बरं शे ना? आणि डोळे आत शोधायचे, कोण निजलंय, कोण खोकतंय. घरात विंचू निघाला, तर गावभर झालं. आबांचा पाय गोठ्यात घसरला, तर बायका पाण्यावर कुजबुजल्या की आता म्हाताऱ्याचं दिसतंय. लताबाईला हिवताप आला, मग म्हणाल्या, नाही, हिचंच. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईनासं झालं. पोटुशी बाई, आणि तिची सावलीसुद्धा नको.

आणि तिला काय वाटत होतं? तीही भ्यायली होती. शिकलेली माणसं भीत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला? शाळेत नकाशा टांगायला ती स्टुलावर चढेना. एका दुपारी घरात कुणी नसताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवून. हळूच म्हणाली, "हत्तीचीच ना गं तू?"

हो गं बाई, हो! मी आतल्या आत ओरडले. पण दाढेला आवाज कुठला. ती डोळे पुसून चुलीकडे गेली, आणि माझा जीव तीळ तीळ तुटला.

दिवाळीनंतर तिचं पोट दुखू लागलं, अवेळी आणि अवघड. सुईण म्हणाली, माझ्या हातचं नाही. गावातल्या नासीरचा टेम्पो आणला, गादी टाकली आणि अभिमन आणि भिकुबाई तिला धुळ्याला घेऊन निघाले. जाताना तिनं आबांचा हात धरला होता, तो सोडवावा लागला. टेम्पोची धूळ बसली आणि गल्लीत कुणीतरी म्हणालं, लागला निकाल.

आबा घरात आले. भर दुपार, दार लोटलेलं. कोनाड्यासमोर बसले आणि मला दोन्ही हातांत उचललं. पाटावर नाही, चारचौघांत नाही, पण नेमानं, जसं उचलायचं तसं. म्हणाले,

"दाढमाय, मी खोटं बोलनू व्हतू. पोरीनं खरं शे. लेवानं व्हई ते माले ली जाय, तिले सोड."

आणि म्हातारा ढसाढसा रडला. ज्याचा माझ्यावर गावात सगळ्यांत जास्त विश्वास, त्यानं जाणूनबुजून स्वतःला माझ्या पुढ्यात टाकलं. मी काय घेणार होते त्यांचं? मला तर त्यांचा हात धरूनही ठेवता येत नव्हता.

लताबाई वाचली. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट कापून मुलगी काढली, मायलेकी दोघी सुखरूप. आबांनी नातीला पाहिलं, हसले, आणि त्या दिवसापासून मरणाच्या तयारीला लागले. जेवण अर्ध्यावर आलं. म्हैस विकली, धोतरं धुऊन ठेवली, भिकुबाईंना कुठं काय ठेवलंय ते दाखवलं. विचारलं तर म्हणायचे, काही नाही. मला आधारची आठवण यायची. तो असाच वाळत गेला होता. भीती पुन्हा माझ्या नावानं जेवायला बसली होती, आणि मी कोनाड्यात नुसती बघत होते. फक्त लताबाई रोज ताट घेऊन समोर बसायची आणि दोन घास जास्त खाल्ल्याशिवाय उठू द्यायची नाही.

आखाजी उजाडली. पोरी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. आबा पहाटेच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बाजेवर आडवे झाले होते. सूर्य वर आला. मग बराच वर आला. आमरसाचा वास सुटला. आबांना भूक लागली.

पितांबरनाना आले, दोघांना जिवंत पाहिलं, बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले की देवीनं लेकराकडे बघून माफ केलं. गावाला ते पटलं. गावाला काहीही पटतं, भीती सोडून. पण आबा उठून बसले. सुनेला हाक मारून जवळ बोलावलं आणि त्या दुपारचं सगळं सांगितलं. म्हणाले, "मी दाढ उचलीसन दोन्ही बोलनू. एक ते खोटं शेच ना? मंग मी कसा काय जित्ता शे, माय?"

लताबाईला वर्षभराचं रडू एकदम आलं, आणि ती सासऱ्यांच्या पायाशी बसून रडली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोनाड्याकडे वळून पाहिलं. मग विचारलं,

"तो हत्ती काय खात व्हता व?"

"गवत, आबा," ती म्हणाली. "नुसतं गवत."

त्याच संध्याकाळी ही गोष्ट आबांनी पारावर सांगितली आणि मला उचलू देणं बंद केलं. आखाजीचा मान त्यांच्या घरून गेला, बोलणारे बोलले, पितांबरनाना पुढं कधी त्यांच्या ओट्यावर बसले नाहीत. आबा आणखी सहा पावसाळे जगले आणि खोकल्यानं गेले, म्हातारपणानं, कुणाच्या शपथेनं नाही.

लताबाईनं नेऊन ठेवलं, तेव्हापासून मी शाळेच्या कपाटात असते. कथा आजही सांगतात, सांगू देत, चांगली आहे. पण ऐकते की माझ्यासाठी देऊळ बांधायचं चाललंय, पाट परत मांडायचा, एका विधवेवर म्हणे करणीचा आळ आहे. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. तिचे ओले हात मला आत्ताच जाणवतात. म्हणून हात नसताना हात जोडून विनवते, तिला माझ्यासमोर आणू नका. मला कुणाचं खरंखोटं कळत नाही. गवत कोवळं की जून, एवढंच कळायचं.