हाडावर फुटलेली गोळी

गोळी लागली होती! रायफलवरच्या दुर्बिणीतून मी स्वतः पाहिलं. एल्कच्या खांद्यावरून केसांचा पुंजका उडाला, तो मागच्या पायांवर बसल्यासारखा झाला, आणि मी मनातल्या मनात अख्ख्या वर्गाला फोटो पाठवूनसुद्धा मोकळी झाले. मग तो उठला आणि चक्क चालायला लागला.

"आत्या, तो चालतोय!"

"दिसतंय मला. दुसरी घाल, ब्रिन, दुसरी!"

पण माझे हात हातमोज्यांत लाकडासारखे झाले होते. दुसरी गोळी घालेपर्यंत तो पाइनच्या झाडीत गेलासुद्धा.

आता हे कसं झालं ते सांगायलाच हवं. वायोमिंगमध्ये नर एल्कचा, म्हणजे सांबराहून मोठ्या हरणाचा, टॅग सोडतीत निघतो; टॅग म्हणजे एकच जनावर मारायचा परवाना. बाराव्या वर्षापासून मी अर्ज करत होते, सोळाव्या वर्षी नंबर लागला. त्यात व्हर्डा आत्याने पहिल्यांदाच मला तिच्या शेडमध्ये माझी काडतुसं मलाच भरू दिली. दारूचं माप ती दोनदा तपासायची, पण गोळी कुठली बसवायची ते मी ठरवणार होते. म्हणजे मी हवेतच होते म्हणा ना!

आत्याच्या गोळ्या बुटक्या, जाड तांब्याच्या, टोकाला शिसं बाहेर आलेल्या. अगदी बटाट्यासारख्या. मी निवडली ती लांब, निमुळती, पातळ कवचाची. निशाणेबाजीच्या स्पर्धेत वापरतात तसली. दोनशे यार्डांवर माझी तीन भोकं बाटलीच्या एका बुचाखाली झाकली गेली. आत्याची तीन झाकायला तळहात लागला.

"बघ!" मी म्हटलं.

"बघितलं. कागदाला हाडं नसतात, बाईसाहेब."

आमच्याकडे नवी गोळी डोंगरावर न्यायच्या आधी तिची हाडाची परीक्षा होते. भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, त्याच्या पुढे बैलाच्या खांद्याचं हाड, आणि त्यावर एक गोळी. आत्याने विचारलं, "केलीस?" मी म्हटलं, "हो."

केली नव्हती. त्या शनिवारी व्हॉलीबॉलची मॅच होती, आणि खरं सांगायचं तर त्या तीन भोकांनंतर परीक्षा कसली घ्यायची, असं मला वाटलं होतं.

एल्क उभा होता तिथे आम्ही गेलो. बर्फावर केस, थोडं रक्त आणि काहीतरी चमकणारं. आत्या गुडघ्यावर बसली. तिने हातमोज्याच्या टोकावर एक तुकडा उचलला. माझ्या गोळीच्या कवचाचा, तांब्याचा, नखाएवढा, फाटलेला. मग अजून एक, मग अजून एक.

"हाडाची परीक्षा घेतली होतीस ना?"

"...नाही."

ती ओरडेल म्हणून मी खांदे आवळून उभी राहिले. ती ओरडलीच नाही. उठली, पँटवरचं बर्फ झटकलं आणि माग काढत चालायला लागली.

दुपारपर्यंत रक्ताचे थेंब होते. मग त्याचे ठसे कळपाच्या ठशांत मिसळले, तीस-चाळीस जनावरांचे एकावर एक, आणि सगळं संपलं.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. आत्याने फ्रीझरमधून हाड काढलं, शेडमागे गठ्ठ्यापुढे बांधलं आणि माझी रायफल माझ्या हातात दिली. "मार."

मी मारली. हाडावर बशीएवढा खळगा पडला होता, पण पलीकडे भोकच नव्हतं. गठ्ठ्याच्या वरच्या चार पानांत नुसता तांब्याशिशाचा चुरा. मग आत्याने तिच्या रायफलने तिचा बटाटा मारला. तो हाड फोडून अर्ध्या गठ्ठ्यापर्यंत गेला होता. आळंबीसारखा फुललेला, पण अख्खा.

मी त्या चार पानांकडे बघतच राहिले. तीनशे किलोचं जनावर, आणि मी त्याच्या अंगावर हे फोडलं?

"तो मरेल का गं?"

"माहीत नाही. लंगडेल. पुढचं हिवाळा ठरवेल, नाहीतर लांडगे." तिने रायफल पुसायला घेतली. "उद्याचा दिवस त्याला शोधायचं. नाही सापडला तर टॅग कापायचा."

"काय? पण मी मारलाच नाहीये! कायदा म्हणतो, जनावर मेलं की टॅगवरची महिना-तारीख कापायची!"

"कायदा माझ्या शेडमध्ये येत नाही. या घरात रक्त काढलं की टॅग संपला."

"पाच वर्षं, आत्या!"

"मोजता येतं मला."

दुसऱ्या दिवशी तिने तिची रायफल मला दिली. जखमी नर दिसला तर याच गोळीने संपवायचा, एवढंच बोलली. आम्ही कळपाच्या मागे दोन दऱ्या उतरलो आणि चढलो. कावळे कुठे घिरट्या घालतात का ते पाहिलं. कुठेच नव्हते. म्हणजे तो अजून चालत होता.

तिसऱ्या चढावर मी थिजले. दीडशे यार्डांवर एक नर उभा होता. पूर्ण आडवा, शिंगांना दोन्हीकडे सहा-सहा फाटे, दोन्ही खांदे स्वच्छ. आपला नव्हेच तो. कालच्यापेक्षा मोठा! वारा आमच्या तोंडावर, त्याला आमचा पत्ताच नाही. रायफल कधी खांद्याला लागली मला कळलंच नाही.

"आत्या," मी श्वासातच म्हटलं.

"दिसतोय मला."

"मारू?"

"टॅग तुझ्या खिशात आहे."

बस, एवढंच. ती मला अडवेल, नळीवर हात ठेवेल, काहीतरी कडक बोलेल असं वाटलं होतं. ती दुसरीकडेच बघत होती. मी मारला असता तर ती माझ्याबरोबर त्याचं मांस खाली घेऊन आली असती, आणि शेडची किल्ली मला परत कधी मिळाली नसती. हे तिने सांगितलं नाही. मला तसंच कळलं.

दुर्बिणीत त्याचा खांदा वरखाली होत होता. आणि मला तिथे बशीएवढा खळगा दिसायला लागला.

मी रायफलची सेफ्टी लावली. टॅग काढला, चाकू उघडला.

"महिना आधी," आत्या म्हणाली. "आणि तारीख कालची."

"माहितीये."

"बोट कापशील. हातमोजा काढ."

कापल्याचा आवाज एवढासा, पण नराने मान वर केली. आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता उधळेल. तो खाली वाकून परत चरायला लागला.

"चल," आत्या म्हणाली, "लंगड्याचे ठसे त्या ओढ्याकडे असतील."