कोचाबांबाला जाऊन आलेली वही

मी दोनशे पानांची, लाल पुठ्ठ्याची वही बोलतेय. कागदाला कुठे जीभ असते, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या पोटात तीन भाषा आहेत, आणि त्यांतली एक शिकायला मी समुद्रापार जाऊन आले आहे. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते शहापूरचं दुकान. कंपासपेट्या, खाकी कव्हरं आणि नकाशे यांच्यामध्ये एका गठ्ठ्यात मी दोरीनं बांधलेली होते. एके दिवशी पांढऱ्या साडीतली एक तरुण बाई आली. तिनं गठ्ठ्यातून मला ओढलं, अंगठ्यानं पानं फर्रकन उलटून पाहिली आणि म्हणाली, "जाड पानांची आहे ना? शाई मागं उमटायला नको."

ती सिस्टर दर्शना. वय अठ्ठावीस, शिक्षणानं नर्स. तिची वाडी टोकावड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. कातकऱ्यांची पंधरा-वीस घरं. वडील लडकू आणि आई धोंडूबाई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावरच परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला शहापूरला सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवली. तिथेच ती शिकली, मोठी झाली. एकोणिसाव्या वर्षी तिनं स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्याच सिस्टरांच्या संघात गेली.

आता संघानं तिला मिशनच्या कामाला निवडलं होतं. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरात संघाचा एक छोटा दवाखाना चालतो. तिथं जायचं तर आधी स्पॅनिश यायला हवं. म्हणून नऊ महिने कोचाबांबा या गावी भाषेच्या शाळेत राहायचं, शेवटी तोंडी परीक्षा द्यायची, आणि पास झाली तर डोंगरात जायचं, नाहीतर परत. तिनं माझ्या पहिल्या पानावर पट्टीनं उभी रेघ मारली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी.

निघायच्या आधी ती वाडीवर गेली. मी तिच्या पिशवीत होते. लडकू वारून चार वर्षं झाली होती. धोंडूबाई ओट्यावर बसून सुपात तांदूळ पाखडत होती.

"तिथल्या लोकांना देव नाय काय?" तिनं विचारलं.

"हाय गो आये. आमच्याआधीपासून हाय. तिथं डॉक्टर नाय. मी दवाखान्यात काम करनार."

"डॉक्टर तर हितं पन नाय."

दर्शना खाली बसून तांदळातले खडे वेचायला लागली. थोड्या वेळानं धोंडूबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "त्या बायांनी तुला एकदा माझ्याकडून नेली. आता अजून लांब नेतात. न्या म्हनावं." आणि ती आत निघून गेली. विमानतळावर सोडायला भाऊ सुनिल आला, त्याची बायको छाया आली. आई आली नाही.

कोचाबांबा डोंगरांच्या कुशीतलं मोठं गाव आहे. हवा कोरडी, त्यामुळे माझी पानं कडक झाली. बाजारात बायका दोन वेण्या घालून, डोक्यावर टोपी ठेवून बसतात. पाठीला रंगीत फडक्यात मूल बांधलेलं असतं आणि पुढ्यात बटाट्यांचे ढीग. बटाटे तरी किती प्रकारचे! काळे, जांभळे, बोटाएवढे बारीक. दर्शना त्यांची नावं माझ्यात लिहून घ्यायची. उजवीकडच्या रकान्यात मात्र प्रत्येकापुढे एकच शब्द: बटाटा, बटाटा, बटाटा.

शाळेत तिला शिकवायला हुस्तिना नावाच्या बाई होत्या. तिकडे मोठ्या बाईला मानानं 'दोन्या' म्हणतात. दोन्या हुस्तिना साठीच्या, स्वतः डोंगरातल्या खेड्यातल्या. घरी त्या क्वेचुआ ही डोंगरातल्या लोकांची जुनी भाषा बोलत; बटाट्यांची ती नावंही त्याच भाषेतली. स्पॅनिश त्याही शाळेतच शिकल्या होत्या.

दर्शना अभ्यासाला पक्की. सकाळी प्रार्थना, मग वर्ग, दुपारी पाठांतर. तीन महिन्यांत तिनं माझी साठ पानं भरली. क्रियापदं तिला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. पण बोलायची वेळ आली की तिची मान खाली जायची. शेजारी बसणारा कोरियन पाद्री दर वाक्याला चुकायचा आणि खुशाल बोलत राहायचा. ही मात्र वाक्य मनात तीनदा तपासायची, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. मी तिच्या हाताखाली असायचे. तिच्या घामानं माझे कोपरे मऊ पडायचे.

सातव्या महिन्यात दोन्या हुस्तिनांनी तिला एकटीला बसवून घेतलं. "दोन महिने उरलेत," त्या म्हणाल्या. "तू लिहितेस सगळं बरोबर. पण डोंगरातली बाई तुझ्याकडे लिहून आणणार नाही, कुठे दुखतंय ते. तिच्याशी बोलावं लागेल. उद्या मला तुझ्या आयुष्यातला एक दिवस लिहून आण. आणि तो मला तोंडानं सांगायचा."

तिनं वसतिगृहातल्या नाताळाबद्दल लिहिलं. तारा, केक, गाणी. बाईंनी वाचलं, एकही चूक काढली नाही आणि वही परत सरकवली. "हे कुणीही लिहील. दुसरं आण."

त्या दिवशी जेवणानंतर ती अंगणातल्या झाडाखाली मला मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ पेन नुसतं उघडं होतं. मग तिनं जे लिहिलं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती दहा वर्षांची होती. रविवारी वसतिगृहात पालक भेटायला यायचे. किन्हवलीजवळच्या भट्टीवरून तिची आई चालत, मग एसटीनं आली. पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीचे, साडी वर खोचलेली, हातात फडक्यात बांधलेले उकडलेले करांदे. रानातले हे कंद पोरीला फार आवडायचे. दर्शना दोन मैत्रिणींबरोबर फाटकाशी उभी होती. एकीनं विचारलं, "कोण गं ती?" दर्शना म्हणाली, "आमच्या वाडीतली बाई आहे. आईनं पाठवलीय."

आईनं ते ऐकलं. ती फाटकापाशी थांबली. मग फडकं पुढे करून म्हणाली, "हां. तिच्या आयेनी धाडलंय." आणि आल्या पावली परत गेली.

त्यानंतर भेटायला नेहमी लडकू यायचा. धोंडूबाईनं त्या फाटकात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मायलेकी घरी एकमेकींशी बोलायच्या, पण त्या रविवारबद्दल दोघींपैकी कुणीही कधी शब्द काढला नाही. मोठी झाल्यावर दर्शनानं हे पाप पाद्र्यांपुढे दोनदा कबूल केलं. देवानं क्षमा केली, असं त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं. आईला मात्र तिनं सांगितलं नाही.

हे सगळं माझ्या दोन पानांत मावलं. मराठीत तिला ते कधी लिहिता आलं नव्हतं. त्या भाषेत तिला ओळखणारी माणसं होती. स्पॅनिशमध्ये तिला कुणी ओळखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्या हुस्तिनांनी चष्मा लावून वाचलं. एका वाक्यापाशी लाल पेन थांबलं. दर्शनानं लिहिलं होतं, 'दिगो के नो एस मी माद्रे'. म्हणजे, मी म्हणते की ती माझी आई नाही.

"हे अजून चालू आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. अठरा वर्षं झाली."

"मग भूतकाळात लिही." आणि त्यांनी स्वतःच दोन शब्द खोडून वर लिहिलं: 'दिखे के नो एरा मी माद्रे'. मी म्हणाले की ती माझी आई नव्हती. "आता सांग. वही बंद कर आणि सांग."

तिनं मला बंद केलं. दोन्ही हात माझ्यावर ठेवून ती बोलायला लागली. चुकली, अडकली, पुन्हा बोलली. करांद्यांना शब्द सापडेना, तेव्हा म्हणाली, "रानातला बटाटा." संपलं तेव्हा बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"आता तुला परीक्षेची भीती नाही," त्या म्हणाल्या. "पण ही गोष्ट मला सांगून उपयोग नाही. तुझी आई जिवंत आहे?"

"आहे."

बाईंनी पुढचा धडा काढला.

परीक्षेत ती पास झाली. बोलिव्हियात कायम राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं इकडूनच करायची होती, म्हणून मार्चमध्ये ती तीन आठवड्यांसाठी परत आली. दुसऱ्याच दिवशी तिनं किन्हवलीची एसटी धरली. धोंडूबाई, सुनिल आणि छाया तिघंही भट्टीवर होते.

मी भट्टी पहिल्यांदाच पाहत होते. विटांच्या रांगा, चिखलाचे खड्डे, पेंढ्याची खोपटी. धोंडूबाई उकिडवी बसून साच्यात चिखल भरत होती. लेकीला पाहून ती म्हणाली, "वाळलीस गो," आणि साचा उपडा केला.

दर्शनानं साडी खोचली आणि दुपारपर्यंत चिखल मळला. भाकरी खाऊन झाल्यावर सुनिल आणि छाया खोपटात आडवे झाले. मायलेकी विटांच्या सावलीला बसल्या. दर्शनानं मला उघडलं, ते पान काढलं.

"आये, मी तिकडं एक लिवलं. तुला वाचून दाखवते."

"मला काय कळंल तिकडचं?"

"आपल्या बोलीत सांगते."

एका एका स्पॅनिश वाक्यावर बोट ठेवून तिनं ते वाडीच्या बोलीत सांगितलं. वसतिगृहात शिरल्यापासून ती बोली तिनं फक्त घरात वापरली होती, तीही कमी कमी होत गेलेली. धोंडूबाई समोरच्या विटांकडे बघत ऐकत होती.

"म्हंजे, तसं बोलायचं त्या सिस्टरींनी शिकवलं नव्हतं?" शेवटी तिनं विचारलं.

"नाय."

"मला वाटलं त्यांनीच शिकवलं. भट्टीवरची आये नको, आसं सांगितलं आसंल पोरींना."

"नाय गो. त्यांना ठावं पन नाय. माझं मीच बोलले. मला लाज वाटली तुझी."

धोंडूबाईनं मातीचा हात पुढे करून पान जरा आपल्याकडे ओढलं, त्याच्याकडे पाहिलं. तिचा अंगठा माझ्यावर उमटला. "अठरा वर्सं," ती म्हणाली, "मी त्या बायांना शिव्या घालते." मग ती उठली. "उठ. चिखल सुकतोय."

दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. जेवायला वाढायची, झोपायला गोधडी द्यायची, पण साच्याला हात लावू द्यायची नाही. छायानं विचारलं, काय झालं? दर्शना म्हणाली, "जे व्हायला पायजे व्हतं ते." पण मी पाहत होते, ती सारखी आईच्या पाठीकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी बाजार होता, भट्टीला सुट्टी. धोंडूबाईनं धुतलेली साडी नेसली आणि विचारलं, "ती मोठी सिस्टर हाय का आजून?"

"असुंता? हाय. म्हातारी झालीय."

"चल."

शहापूरला वसतिगृहाच्या व्हरांड्यात सिस्टर असुंता खुर्चीवर बसून वाल सोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण त्यांनी लगेच ओळखलं. "दर्शनाची आई ना? किती वर्षांनी. या, बसा."

धोंडूबाई बसली नाही. "मी तुमाला लय शिव्या दिल्या," ती म्हणाली.

"मला? कधी?"

"अठरा वर्सं. वाडीत बसून, भट्टीवर बसून. आता कळलं, त्या तुमच्या नव्हत्या. त्या मागं घ्यायला आले."

सिस्टरांनी दर्शनाकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे. "पण कशाबद्दल दिल्यात?"

दर्शना पुढे झाली. तिचं तोंड उघडायच्या आत धोंडूबाईनं तिचा दंड धरला. "ते आमच्या घरातलं हाय," ती म्हणाली. "तुमाला चुकून लागल्या, येवढं सांगायचं व्हतं."

सिस्टर असुंतांनी हातातला वाल सोलून वाटीत टाकला. "सगळ्या नका मागे घेऊ," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षांत माझंही काही ना काही चुकलं असेल. थोड्या राहू देत." तेव्हा धोंडूबाई हसली आणि खाली बसून वाल सोलायला लागली.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "तिकडची मानसं पन भट्टीवर जातात काय?"

"खाणीत जातात. महिने महिने. बाया-पोरं मागं राहतात."

वाटेवरचं सापगाव मागं पडलं तेव्हा धोंडूबाई म्हणाली, "मंग जा." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "ती वही माझ्याकडं ठेव."

"तुला वाचता येत नाय, आये."

"नाय येत. पन त्यातलं ते पान माझं हाय."

"पान फाडून देऊ?"

"फाडायचं नाय. आख्खी ठेव."

तशी मी राहिले. दर्शना आता डोंगरातल्या त्या दवाखान्यात आहे. रविवारी संध्याकाळी फोन येतो, तेव्हा तिकडे सकाळ असते. मी धोंडूबाईच्या पत्र्याच्या पेटीत असते. भट्टीच्या दिवसांत तिच्या गाठोड्यातून किन्हवलीकडे जाते, पावसाच्या तोंडावर वाडीला परतते. माझे कोपरे झिजलेत, पुठ्ठा सुटत चाललाय. वाडीतल्या बायकांनी विचारलं, तर धोंडूबाई मला उघडून दाखवते आणि सांगते, "पोरीनं माझ्यावर लिवलंय." काय लिहिलंय, ते सांगत नाही. मीही बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगितलं.

माझी चाळीस पानं अजून कोरी आहेत. छाया म्हणते, त्यांवर काही लिहायला घेऊ. घ्या खुशाल, मला कोरं राहायची हौस नाही. पण सांभाळून लिहा. माझा कागद जाड असला, तरी जोरानं लिहिलेलं मागच्या पानावर उमटतंच.