लेकीचं दुखणं खरं होतं

मुलीचं पोट दुखलं की तुमच्या-आमच्या घरात एक वाक्य तयारच असतं, "सगळ्याच बायकांना दुखतं, सोसायचं!" बदलापूरच्या शाळेतल्या उमाबाई देवस्थळी ते वर्गातल्या मुलींना ऐकवत आणि घरी लेकीलाही.

त्याच लेकीचा, वृंदाचा, टेस्ट ट्यूब बेबीचा पहिला प्रयत्न १९९६च्या श्रावणात फसला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. जावई शरदचंद्र अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. त्याला रजा मिळेना, म्हणून मुंबईच्या दवाखान्यात उमाबाईच सोबत गेल्या.

डॉक्टर कामेरकरबाईंनी समजावलं, "एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर, बीजकोशांवर वाढतं, गाठी होतात. म्हणून एवढी इंजेक्शनं देऊनही तीनच बीजं मिळाली. गर्भही रुजला नाही. पाळीत फार दुखायचं का गं?"

"तेराव्या वर्षापासून. उलट्या व्हायच्या."

"मग कुणाला दाखवलं नाही?"

वृंदाने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. "तेव्हा काही एवढं वाटलं नाही," ती म्हणाली.

लेक आपल्याला पाठीशी घालतेय! उमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहावीच्या पेपराला निघताना वृंदा भिंत धरून उभी होती. 'नाटकं पुरे' म्हणून त्यांनीच तिला दाराबाहेर काढलं होतं.

"डॉक्टर, दोष माझाय. तेव्हाच आणलं असतं तर आज मूल असतं का हो?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. पण वेळ हाताशी राहिला असता आणि पोरीने इतकी वर्षं हे भोगलं नसतं. शाळा बुडावी इतकं दुखणं हे बाईपण नव्हे, बाई. ते तपासून घ्यायचं असतं."

पुढे ऑपरेशनने गाठी काढल्या. दुखणं पुष्कळ कमी झालं. दुसरा प्रयत्न मात्र पुन्हा फसला.

"रागाव ना गं माझ्यावर!" उमाबाई एकदा रडत म्हणाल्या.

"रागावलेच होते, आई. पण मूल नाही म्हणून नव्हे. तू मला खोटं ठरवलंस म्हणून."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बारवी धरणाकडच्या पाड्यावरची चंद्री वर्गात बाकावर वाकून बसली होती. "बाई, पोटात लय दुखतंय. दर महिन्याला असंच होतं."

उमाबाईंनी खडू ठेवला, तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि तिथून थेट तिच्या आईपुढे, भिकीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भिकीबाई, मी शिकलेली असून माझ्या लेकीचं ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका!"

बंधुभगिनींनो, लेक 'दुखतंय' म्हणाली तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्या. गेलेली वर्षं कुठलंच ऑपरेशन परत आणत नाही!