खाजवायची परवानगी

तौसीफ मुल्लाणी, वय सोळा, शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा गोलकीपर. एकदा मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसला. मोटरसायकल मित्राची नव्हती, ही माहिती त्याला पोलिसांनी दिली. तेव्हापासून तो निरीक्षणगृहात होता.

तिथं एका गादीवर दोघं, एका चादरीत दोघं. एवढ्या आपुलकीत खरूज परकी राहत नाही. डॉक्टर सांगून गेले होते: सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावा, अंथरुणं उकळत्या पाण्यात धुवा. पण बंब बिघडलेला आणि मलम थोडं. मग अधीक्षकांनी तोडगा काढला. जो खाजवताना दिसेल त्याला मलम. मात्र ज्याला मलम त्याला संसर्ग, आणि संसर्गवाल्याला बाल न्याय मंडळापुढं न्यायचं नाही. त्याची तारीख पुढं.

तौसीफची एक तारीख अशीच गेली होती. दुसरी सोमवारी होती. जामीन झाला तर घर.

"खाजवू नगंस," गादीचा भागीदार आदर्श म्हणाला. तो मलकापूरचा.

"मी कुठं खाजवतोय? हात चोळतोय."

"आन् पाय? त्यो माझा हाय."

सोमवारी निघताना काळजीवाहक ज्ञानूमामांनी हात बघितले. बोटांच्या बेचक्यांत फोड, काही पिकलेले. मामा बराच वेळ बघत राहिले.

"थंडीनं फुटल्यात," ते म्हणाले. बाहेर मे महिना होता. "चल, बस गाडीत."

मंडळाच्या मॅडम प्रेमळ होत्या. "तौसीफ, तिथं काही त्रास?"

"न्हाय मॅडम."

"हात मागं का बांधलेस? पुढं कर बेटा."

त्यानं केले. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी संस्थेच्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं आणि आदेश दिला: मुलगा पूर्ण बरा होईपर्यंत संस्थेतच नीट उपचार करावेत, जामिनाचं त्यानंतर पाहू.

तौसीफची आई मलिका उठली. "पर मॅडम, ह्ये तिथंच लागलंय की त्याला."

"म्हणूनच तर आदेश दिला ना," मॅडम म्हणाल्या. खरोखर कळवळून म्हणाल्या.

आदेशाची अंमलबजावणी त्याच दिवशी झाली. आदेशात एकच नाव, म्हणून मलमाची ट्यूब एकच. तीही कार्यालयाच्या कपाटात. ज्ञानूमामांनी तौसीफला मलम लावलं आणि कपाटाला कुलूप लावलं. चादर तीच होती.

"कवा सोडणार म्हणं?" आदर्शनं विचारलं.

"बरा झालो की."

"आन् बरा कवा हुणार?"

"तू झालास की."

 आदर्शनं जरा सरकून गादीवर जागा करून दिली. तौसीफ आडवा झाला आणि दोन्ही हातांनी, मन लावून खाजवायला लागला. या खेपेला त्याला कुणी अडवलं नाही.