नंदाच्या सात खुणा

...पाव आटा. त्याहून जास्त नाही. पितळी स्क्रूच्या डोक्यावरची खाच भिंतीकडे तोंड करून होती, ती खिडकीकडे वळेपर्यंत फिरवायची, मग हात काढून घ्यायचा, श्वाससुद्धा मान वळवून बाजूला सोडायचा... गंगारामने तसा तो सोडला आणि दांडीकडे बघत राहिला. दांडीच्या टोकाचं दोन किलोचं वजन डावीकडे गेलं, थांबल्यासारखं झालं, सावकाश परत फिरलं. एका झोक्याला बारा सेकंद. काल अकरा होते. अजून पाव आटा दिला तर तेरा होतील, नाहीतर दांडी एका अंगाला कलंडून पडेल आणि सगळी सकाळ फुकट जाईल.

भूकंप टिपायचं हे यंत्र त्याचं स्वतःचं, घरी केलेलं. मागच्या खोलीची जमीन कातळ लागेपर्यंत खणून त्यावर जांभ्याचा एक चिरा बसवला, चिऱ्यावर लोखंडी चौकट, चौकटीत दारासारखी झुलणारी दांडी, वजनापाशी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणि जळलेल्या पंख्याच्या तारेचं वेटोळं. जमीन हलली की चौकट हलते, वजन मात्र जागच्या जागी राहू बघतं, आणि त्या फरकाची रेघ लॅपटॉपवर उमटते. एकतीस वर्षं लांज्याकडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई होता तो. लंबक टांगायचे, स्टॉपवॉच पुसून ठेवायची आणि आकडे घ्यायची वेळ आली की बाजूला उभं राहायचं. वहीत लिहायचे सर. आता वही त्याची होती. डाव्या रकान्यात नंदाची वेळ, उजव्या रकान्यात यंत्र.

नंदाची वेळ... नंदा म्हणजे त्याची बायको. भातकापणी झाल्यापासून तिला मधूनच जमीन हलल्यासारखी वाटते. हातातलं काम तसंच ठेवून ती म्हणते, "आत्ता", आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारून बाजूला वेळ लिहिते. दुसऱ्या कुणालाच काही जाणवत नाही. शेजारच्या गोदूबाईंच्या खळ्यात चार बायका बसलेल्या असताना गंगाराम म्हणाला होता, "आमच्या हिच्यासाठी स्पेशल भूकंप येतात, कोयनेहून थेट." सगळ्या हसल्या. नंदाही हसली—आणि तेच त्याला अजून सलतं. ती रागावली असती तर... मी का बोललो तसं? काही कारण नव्हतं. चार माणसांत जरा मजा, बस्स.

मग ते आम्रपालीच्या कानावर गेलं. मुलगी बदलापूरला असते. "पप्पा, भास म्हणजे भास," ती फोनवर म्हणाली, "मी आईला इकडे आणते. मनाच्या डॉक्टरांना दाखवू." त्याने तीन आठवडे मागून घेतले, यंत्र लावतो म्हणाला. नंदा फोनजवळच उभी होती. म्हणाली, "यंत्रात नाय दिसला तर मी जाईन." ते तीन आठवडे परवा, रविवारी संपत होते.

आणि वहीत सात ओळी होत्या. डावीकडे नंदाच्या सात वेळा, उजवीकडे त्याच्या सुवाच्य अक्षरात सात वेळा एकच: काही नाही. काही नाही. काही नाही... रेघ कशी स्वच्छ होती. मागल्या आठवड्यात तर समुद्रापलीकडचा कुठलासा मोठा भूकंपही त्या रेघेने टिपला, तेव्हा त्याने नंदाला हाक मारून ती लांबलचक लाट दाखवली होती. नंदा म्हणाली, "चांगला आला." स्वतःच्या फुल्यांबद्दल तिने विचारलं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. रिकाम्या घराची त्याला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त भीती ही होती, की ती वेडी ठरून जाईल आणि वेडी पहिल्यांदा आपणच ठरवलेली असेल, हसत हसत, खळ्यात बसून.

शेवटचं एकदा तपासावं म्हणून त्याने हाक मारली. "नंदा, जरा या खोलीतून चालत जा गं."

ती आली. दारापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. रेघेवर एक टिंबसुद्धा हललं नाही. तार तुटली की काय—तो चिऱ्याशी वाकला, आणि वाकल्यामुळेच तिचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले. ती चवड्यांवर उभी होती.

"अगं, नेहमीसारखी चाल."

"हल्ली अशीच चालत्ये," ती म्हणाली. "तुमच्या रेघेला धक्का नको म्हणून. आमटीचा वाटपसुद्धा गोदूबायकडे जाऊन वाटून आणत्ये."

पाटा... तीन आठवडे घरात पाट्याचा आवाज नव्हता, ओलं खोबरं वाटताना वरवंट्याची ती घरघर, आणि आपल्याला पत्ता नाही. आमटी तर रोज जेवलो. त्याला एकदम लाज वाटली.

"आता टाच टेकून चाल. जोरात."

ती चालली. या खेपेला धप धप आवाज झाला, त्याच्या गुडघ्यांना कळला, पण रेघ जेमतेम केसाएवढी थरथरली. आणि मग त्याला आठवलं. पहिल्याच आठवड्यात, नंदाच्या पावलांनी रेघ खराब होते म्हणून वैतागून, त्याने लॅपटॉपमध्ये एक आकडा भरून चाळण लावली होती—भरभर हलणारं सगळं गाळून टाकायचं, संथ तेवढं ठेवायचं. दूरचे मोठे भूकंप संथ येतात. पण जवळचा, लहानसा... तो टाचेसारखाच येतो, एक झटका आणि संपला. हे त्याला ठाऊक होतं. सरांनी किती वर्षांपूर्वी फळ्यावर काढून दाखवलं होतं, तो मागे लंबक धरून उभा असताना. म्हणजे नंदाला ऐकण्यासाठी यंत्र केलं आणि पहिलं काम काय केलं, तर नंदालाच त्यातून गाळून टाकलं. गाळलेलं साठवलंही नव्हतं. त्या सात वेळांना काय झालं ते आता कधीच कळणार नव्हतं.

त्याने चाळण काढली. तेवढ्यानेच रेघ अंगावर काटा आल्यासारखी झाली.

"पाटा काढ," तो म्हणाला. "वाटप इथेच वाट."

"आणि तुमचा यंत्र?"

"राहू दे."

नंदाने पडवीत पाटा मांडला. खोबरं, धणे, मिरच्या... वरवंटा पुढे गेला, मागे आला, आणि रेघ वरपासून खालपर्यंत काळी होऊन गेली. त्यातून काही वाचता येण्याजोगं नव्हतं. तो दारात जमिनीवर बसला, पाठ चौकटीला लावून, आणि ऐकत राहिला. किती दिवसांनी ऐकत होता. बाहेर काजूला मोहोर होता, ऊन पडवीत आलं होतं.

वरवंटा थांबला.

"आत्ता," नंदा म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

लॅपटॉप आत होता. उठून बघायला हवं होतं. बघूनही त्या काळ्या रेघेत वाटपाचे झटके कुठले आणि दुसरे कुठले, ते सांगता आलं नसतं. त्याचा तळहात जमिनीवर होता. काही झालं होतं का? झालं असेल. आपला हात वरवंट्याच्या घरघरीने भरलेला होता, आपण तिच्याचकडे बघत होतो... रविवारी आम्रपाली न्यायला येईल, विचारील, यंत्र काय म्हणतं, पप्पा? तिला काय सांगायचं ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. पण तिच्यासमोर आपण कुठल्या बाजूला बसायचं, ते ठाऊक होतं.

त्याने वही ओढली. डाव्या रकान्यात लिहिलं: बारा चाळीस, नंदाला जाणवलं. उजव्या रकान्याशी पेन सवयीने 'का'पर्यंत गेलं आणि थांबलं. तेवढं अक्षर खोडून त्याने लिहिलं: मला कळलं नाही.

मग तो वरच्या सात ओळींकडे बघत राहिला, आणि पहिल्या 'काही नाही'वर त्याने हळूच पेन टेकवलं. पडवीत वरवंटा पुन्हा सुरू झाला होता.