भोवरा ओढला की दिवे

भास्कररावांचं डोकं सकाळी दहालाच तापलं, आणि निमित्त झालं एका पकडीचं.

बडोद्यात मांजलपूरला श्रीकृष्णच्या बंगल्याशेजारच्या शेडमध्ये त्याच्या वडिलांची, म्हणजे कैलासवासी जयवंतरावांची, १९५२ सालची मॉरिस उभी होती. फेब्रुवारीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यासाठी श्रीकृष्णने ती पार नव्यासारखी करायला काढली होती. डॅशबोर्ड रंगाला जायचा, म्हणून त्यावरची बटणं, मीटर, वायरी सगळं आधी सोडवायला हवं होतं. पाणीगेटला पंचेचाळीस वर्षं हेच काम करत आलेल्या भास्कररावांना त्याने त्यासाठीच बोलावलं होतं. बोलावलंयस तर जरा थांबावं की नाही माणसाने? भास्करराव रिक्षातून उतरून बघतात तर हा पठ्ठ्या पुढच्या सीटवर बसून दिव्यांचं बटण पकडीत धरून ओढतोय.

"पकड खाली ठेव," भास्करराव म्हणाले. "कोणाचा दात उपटतोयस?"

"निघतच नाही ने, काका. जाम झालंय."

"बटण जाम नाही झालेलं. हो बाजूला."

भास्कररावांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. मग पिशवीतून बारीक दाभण काढलं, बटणाच्या मानेखाली बोटाने चाचपून एक भोक शोधलं, त्यात दाभणाचं टोक दाबलं आणि बटण अलगद हातात आलं. एवढंसं काम. पण हे भोक डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच लागतं, आणि हल्लीच्या लोकांना बोटांपेक्षा पकडीचा भरवसा जास्त. बटणाच्या लाखेवर पकडीचे दोन ओरखडे उठले होते. भास्कररावांनी ते अंगठ्याने पुसून पाहिले. पुसले जाण्यातले नव्हते.

एकेक करून चारही बटणं निघाली. प्रत्येक वायरीला त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे चिठ्ठी बांधली आणि बटणं पंच्यावर मांडली. चारही लाकडी, संखेडा गावच्या कातार्‍याने लाल-सोनेरी लाखेत केलेली, आणि एकासारखं दुसरं नाही. दिव्यांचं भोवऱ्यासारखं. काचेवरची काडी फिरवायचं लाटण्याच्या मुठीसारखं. चोकचं मोदकासारखं आणि स्टार्टरचं बुद्धिबळातल्या प्याद्यासारखं. या घरात दिवे लाव असं कोणी म्हणतच नसे. भोवरा ओढ, म्हणत.

श्रीकृष्णने तेवढ्यात एक खोकं उघडलं. इंग्लंडहून आलेलं. आत चार काळी चकचकीत बटणं, सगळी एकाच मापाची, प्रत्येकावर एक पांढरं इंग्रजी अक्षर.

"ही बसवायची, काका. बधी, चारच्या चार ओरिजिनल. आणि ती चार भंगारात टाका."

भास्कररावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय टाका?"

"भंगारात. प्रदर्शनाचे परीक्षक एकेका वस्तूचे मार्क कापतात. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी पाहिजे."

"कारखान्यातून निघाली त्याला साठ वर्षं झाली. ती साठच्या साठ वर्षं ही गाडी बडोद्यात आहे. आणि ओरिजिनल कोण ठरवणार? हातात यादी घेऊन आलेला परका माणूस? त्याने काढलाय या गाडीत एक तरी पावसाळा?"

"काका, तुम्ही चिडू नका ने. शाळेत पोरं या गाडीला घोडियुं म्हणायची. संखेड्याचा पाळणा. पप्पा मला सोडायला आले की मी फाटकाच्या आधीच उतरायचो. आता मला ती एकदा तरी नीट बघायची आहे. आणि तसंही हा जुगाडच होता. ओरिजिनल तुटली, परदेशी माल बंद होता, म्हणून लाकडाची बसवली. तुम्हीच सांगितलंय मला."

हे खरं होतं. त्यांनीच सांगितलं होतं, याला आणि साऱ्या गावाला. ते खोटं होतं, हे फक्त भास्कररावांना ठाऊक होतं.

अडुसष्ट सालची गोष्ट. जयवंतराव मोठे इंजिनियर, घराणं जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांचं, घरातल्या लेकीसुनासुद्धा पदवीधर. त्यांची बायको मंदाकिनीबाई मॅट्रिक म्हणून सांगून आलेली, पण खरी शाळा चौथीनंतर सुटलेली. इंग्रजी अक्षर काही कळायचं नाही. जयवंतरावांनी हौसेने तिला गाडी शिकवली. एका संध्याकाळी न्यायमंदिरासमोर तिने दिव्यांऐवजी चोक ओढला, गाडी गचके खाऊन बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि मागच्या सीटवर बी.ए. झालेली नणंद पोट धरून हसली. एवढं मोठं अक्षर दिसत नाही का, म्हणाली. दुसऱ्याच आठवड्यात जयवंतराव बावीस वर्षांच्या भास्करला घेऊन संखेड्याला गेले. कातार्‍यापुढे बसून चारही आकार त्यांनी स्वतः काढून दिले. आतल्या पितळी नळ्या भास्करने बसवल्या. परत येताना जयवंतराव एवढंच म्हणाले, "बटणं तुटली होती, असं सांगायचं. हे तुझ्यामाझ्यात."

तो शब्द भास्कररावांनी पाळला. आणि आता त्या माणसाचा मुलगा ती बटणं भंगारात टाकायला सांगत होता. शब्द पाळावा तर बटणं जाणार, बटणं वाचवावीत तर शब्द जाणार. जयवंतराव असते तर विचारलं असतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

श्रीकृष्णने पंचा उचलला आणि चार टोकं एकत्र धरून कोपऱ्यातल्या पिंपाकडे निघाला.

"थांब," भास्करराव ओरडले. "तुटली म्हणून कोण म्हणतं? तुझी ती ओरिजिनल चारही धडधाकट माझ्या दुकानात बिस्किटाच्या डब्यात पडलीत. एकालाही चरा नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. श्रीकृष्ण पंचा हातात तसाच धरून उभा राहिला.

"मग काढली कशाला?"

भास्कररावांनी दाभण पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. स्वतःचा असा राग त्यांना उभ्या जन्मात आला नव्हता. पण त्याहून राग आला या पोराचा, की बापाने केलेली वस्तू आहे एवढं कारण त्याला पुरू नये.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण बटणं टाकायची असतील तर गाडी दुसऱ्याकडे ने. मी हात लावणार नाही."

"माझ्यामुळे काढली," मागून आवाज आला.

मंदाकिनीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी ट्रे बॉनेटवर ठेवला, मुलाच्या हातून पंचा घेतला आणि स्टुलावर बसून मांडीवर सोडला.

"मला इंग्रजी वाचता यायचं नाही. तुझ्या आत्याला हसायला कारण मिळू नये म्हणून यांनी हे आकार करून आणले. सकाळी गाडीला आधी मोदक, मग प्यादं, असं शिकवलं मला. न बघता ओढायचे मी."

श्रीकृष्ण आईसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "पण तू तर हल्ली इंग्रजी पेपर वाचतेस ने."

"तूच शिकवलंस. बालवाडीत गेलास तेव्हा रोज दुपारी मला समोर बसवून शाळा शाळा खेळायचास. चुकले की पट्टी मारायचास. दिवाळीपर्यंत मला सव्वीसच्या सव्वीस अक्षरं यायला लागली."

भास्करराव पुढे सरसावले. "म्हणजे तेव्हापासून वहिनीसाहेब तुम्हाला ती काळी बटणं वाचता आली असती?"

"आली असती."

"साहेबांना सांगितलं नाहीत?"

"नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, चला, आता जुनी बसवू." त्यांनी पंच्यातून भोवरा उचलला. पकडीच्या ओरखड्यांवर त्यांचा अंगठा थांबला. "माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं, भास्करराव. ते जाईपर्यंत मी त्यांच्यापुढे न वाचणारीच राहिले."

श्रीकृष्णने त्यांच्या अंगठ्याखालचे ओरखडे पाहिले. खोक्याचं झाकण लावलं आणि ते खोकं शेल्फवर, रंगाच्या डब्यांच्या मागे सारलं. मग भास्कररावांचं पेन उचलून दिव्यांच्या वायरीची चिठ्ठी उलटी केली आणि मागे लिहिलं, भोवरा. अक्षर जरा वाकडं आलं. त्याला मराठी लिहायची सवय राहिली नव्हती.

सगळ्यांनी चहा घ्यावा, असा तो क्षण होता. पण भास्कररावांचा राग काही उतरेना, उलट त्याला आता नवीन वाट सापडली होती.

"म्हणजे तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत, त्यांनी गावापासून लपवलं, आणि मधल्या मध्ये मी चव्वेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलो," ते म्हणाले. "चार माणसांत बसून खोटं बोललो. प्रत्यक्ष बायकोला, आमच्या दुर्गाला, सांगितलं नाही. तिने शंभरदा विचारलं असेल, साहेबांच्या गाडीला लाटणं का म्हणून."

मंदाकिनीबाईंनी कप त्यांच्यापुढे केला.

"दुर्गाला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एकाहत्तर साली. तुम्ही शब्द पाळता की नाही, ते बघायला ती विचारत राहायची."