बिनकडीची दारं

मोठ्या डॉक्टरांना अतिदक्षता विभागात सगळे माघारी ‘टक्केसाहेब’ म्हणत. पेशंट तरला काय, गेला काय, साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती टक्के?" के जीवनसत्त्वावर त्यांचा अभ्यास चालू होता आणि त्यापायी हल्ली ते जमिनीपासून वीतभर उंचावरून चालत.

त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरणीचा जीव मात्र या खेपेला त्याच टक्क्यांत अडकला होता. खाटेवर तिचे थोरले दीर होते. फुप्फुसात जंतू, पोटात अन्न नाही, आणि औषधांनी वाईट जंतू मारता मारता आतड्यातले, के जीवनसत्त्व बनवणारे चांगलेही मारलेले. के जीवनसत्त्वाचा खडखडाट, रक्त गोठेना. श्वासाची नळी तोंडातून काढून मानेत बसवायची होती. गळ्याला सुरी लावली आणि रक्त थांबलंच नाही, तर?

दाराबाहेर थोरली जाऊ बसलेली. ‘आमच्या डॉक्टरीणबाईंना धड चहा उकळता येत नाही,’ हे तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलेलं. आज आवाज खाली होता.

"रक्त गोठत नाही म्हणजे गं काय?"

"ताई, यकृत रक्तातली काही प्रथिनं घडवतं, ती दारं समजा. के जीवनसत्त्व त्यांना कडी लावतं. ते नसलं तरी दारं बनत राहतात, पण बिनकडीची. जखम झाली की लागतच नाहीत."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखी. घरात दिसायला आहेत, कामाला नाहीत."

इतक्या दिवसांत दोघी पहिल्यांदा हसल्या.

दिरांना साहेबांच्या अभ्यासात घेतलं, पहिल्यांदा रक्त काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन झालं. दुपारी हातातल्या सुईभोवती रक्त झिरपू लागलं, म्हणून साहेबांनीच प्लाझ्मा चढवायला सांगितला. म्हणजे दुसऱ्या कुणाची कडीची दारं उसनी आणली. पिशवी रिकामी झाली आणि लगेच अभ्यासासाठी दुसऱ्यांदा रक्त काढलं गेलं. थांबा म्हणायला तिथं कुणी नव्हतं. साहेबांचा नियमच होता, ठरल्या वेळी रक्त निघालं पाहिजे, मग आभाळ कोसळो.

संध्याकाळच्या फेरीत साहेब रिपोर्ट नाचवतच आले.

"बघा! गोठण्याचा वेळ जवळजवळ ठीक! याला म्हणतात के जीवनसत्त्व! कितीही टक्के लावा. गळ्याचं काम उरकून टाकू. सही घ्या बाईंची."

उसन्या लुगड्यावर मिरवणाऱ्या वरमाईची ऐट ती. डॉक्टरणीच्या मनात आलं आणि जिभेवर थांबलं. या माणसाच्या एका शिफारशीवर तिची बढती लटकली होती.

थोरलीनं पेन घेतलं, पण बघितलं धाकटीकडेच. "तू सांग. सही करू?"

"घरच्यांनी मध्ये पडू नये," साहेब हसले. "प्रेमानं विज्ञान चालत नाही, बाई."

"चालत नाही ना, सर," ती म्हणाली, "मग याच रक्तात बिनकडीची प्रथिनं किती निघाली, ते विचारू."

फोन लावला. प्रयोगशाळेतून उत्तर आलं, कालच्याइतकीच. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "यकृतानं अजून एकही कडी बसवलेली नाही. हा प्लाझ्माचा उजेड आहे, पहाटेपर्यंत विझेल."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहायला मात्र कुणी धजलं नाही.

थोरलीनं पेन परत केलं. "तुमची टक्केवारी राहू दे तुमच्याकडे. माझ्याकडे नवरा एकच आहे, त्याचे टक्के कसे काढू?"

सकाळी रक्त पुन्हा पाण्यासारखं पातळ. साहेबांनी रिपोर्ट बोटाच्या टोकानं धरला. "हा पेशंट अभ्यासातून काढा. आकडे बिघडवतो."

ना चूक कबूल, ना चौकशी. बढतीचं तर नावच नको.

आणखी डोस गेले. बिनकडीची प्रथिनं हळूहळू उतरली, पूर्ण नव्हे, पण पुरेशी. मग गळ्याला नळी बसली आणि रक्त कापसाच्या एका बोळ्यात थांबलं.

बाहेर थोरलीनं धाकटीच्या हातात चहाचा पेला ठेवला. "घे, उकळलाय नीट. आणि त्या साहेबाला सांग, माझा नवरा त्याच्या अभ्यासातून निघाला, म्हणून वाचला."